तण काढू की ठेवू? उपटण्याआधी ते परत कसं येतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पश्चिमेला दीड गुंठ्याची बाग. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावलेली टोमॅटो आणि वांग्याची रोपं तीन आठवड्यांत लव्हाळ्यात बुडाली. दोन वर्षांचं आंब्याचं कलम खत घालूनही जागचं हलत नाही, बुडाशी हराळीचा गालिचा आहे. कुंपणाला गाजर गवत, मेंदीवर पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल, आणि मागच्या टेकडीवर घाणेरी व केशरी कॉसमॉस. शेजारी म्हणतात, फवारून मोकळे व्हा. मित्र म्हणतात, तणाला हात लावू नका, ते जमीन सुधारतं. यांतलं खरं काय, आणि उपटलेल्या तणाचं करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण दोघेही ‘तण’ ही एकच वस्तू धरून बोलत आहेत. तुमच्याकडे निदान सहा वेगळी तणं आहेत आणि ती वेगवेगळ्या मार्गांनी शेजारच्या झाडाला छळत आहेत. म्हणून खरा प्रश्न काढू की ठेवू हा नाही. कोणतं तण, कोणत्या झाडाचं, नेमक्या कोणत्या दिवसांत, काय ओढून घेतंय, आणि काढल्यावर ते परत कुठून येणार, हा आहे. शेवटचा भाग लोक विसरतात आणि मग एका लव्हाळ्याचे दहा होतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, हे आधीच सांगतो. जमीन काळी चिकट आहे की मुरमाड, वाफे उतारावर आहेत की सपाट, आणि आठवड्याला तुम्ही किती तास देऊ शकता. उतारावरच्या वाफ्यातली सगळी हिरवळ भर पावसात खरवडून काढली, तर तणापेक्षा जास्त नुकसान वाहून गेलेल्या मातीने होतं. त्यामुळे अंगण सारवल्यासारखी स्वच्छ जमीन हे ध्येय मी कुणालाच सांगत नाही.

आधी टोमॅटो-वांगी, कारण तिथे दिवस मोजलेले आहेत. लावणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस हा रोपांचा नाजूक काळ असतो. या काळात तण दाटलं तर जे उत्पन्न जातं, ते नंतर कितीही चोख खुरपणी केली तरी भरून येत नाही. उलट हे दिवस स्वच्छ गेले आणि झाडाची सावली स्वतःच्या बुडावर पडू लागली, की मागाहून उगवणारं तण बिचकतच वाढतं. तुमचे तीन आठवडे गेले आहेत, म्हणजे निम्मा काळ अजून हातात आहे. या आठवड्यातली भांगलण सप्टेंबरातल्या तीन भांगलणींच्या तोडीची आहे.

हे नुकसान सावली पडायच्याही आधी सुरू होतं. हिरवी पानं सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा लाल प्रकाश बाहेर फेकतात. टोमॅटोच्या रोपाला हा फरक कळतो. आजूबाजूला गर्दी होतेय असं जाणवलं, की ते मुळं आणि पानं वाढवण्याऐवजी उंच व्हायला धावतं. तुमच्या रोपांचं खोड बारीक, दोन पानांमधलं अंतर लांब आणि रंग फिका झाला असेल, तर कारण हेच. अशा रोपाला युरिया देऊ नका. ते अजून लुसलुशीत होऊन आडवं पडेल आणि उरलेला युरिया लव्हाळा खाईल.

आता लव्हाळा. एक झुपका कुदळीने वीतभर खोल माती घेऊन उचला, बादलीत धुवा आणि नीट बघा. वर तीन धारी दांडा, त्याच्या बुडाशी एक फुगीर भाग, तिथून निघालेल्या तारेसारख्या तपकिरी दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर माळेतल्या मण्यांसारख्या काळसर, केसाळ गाठी. एखादी फोडली तर आत पांढरी आणि सुगंधी. हाच तो उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटर मातीत असतात, काही त्याहून खोल.

या माळेचा एक नियम आहे. दोरी अखंड असेपर्यंत साधारणपणे टोकाची गाठच फुटते, बाकीच्या दबून राहतात. दोरी तुटली की दबलेली प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतःचा कोंब काढते. म्हणून पावसाळ्यात लव्हाळ्याच्या वाफ्यात कुदळ मारली किंवा छोटा रोटाव्हेटर फिरवला, की पंधरा दिवसांत तिथे पेरल्यासारखा लव्हाळा उगवतो. हाताने ओढला तर वरचा पाला येतो, गाठ तिथेच राहते. काळा प्लॅस्टिक मल्च टाकला तर त्याचे टोकदार कोंब भोकं पाडून वर येतात. यात तुमचं काही चुकलं नाही. या वनस्पतीची घडणच तशी आहे.

मग उपाय काय? लव्हाळ्याच्या दोन कमकुवत बाजू आहेत. त्याला सावली सोसत नाही आणि त्याच्या गाठीला कोरडेपणा सोसत नाही. सध्याच्या पावसात दुसरी बाजू वापरता येणार नाही, पहिली येईल. टोमॅटोच्या खोडापासून वीतभर अंतरात लव्हाळा उपटू नका, कारण त्याच्या दोऱ्या रोपाच्या मुळांत गुंतलेल्या असतात आणि ओढताना रोपाची पांढरी मुळं तुटतात. तिथे विळ्याने किंवा जुन्या कात्रीने जमिनीलगत कापा. वीतभराच्या बाहेर खुरपं आडवं धरून मातीत तीन-चार सेंटीमीटर खालून कोंब छाटत जा, खोल खणू नका. पाऊस उघडून वाफसा आला, म्हणजे माती चिकटेनाशी होण्याइतकी सुकली, की हे काम करा. चिखलात केलं तर ढेकळं बसतात, पायाने जमीन घट्ट होते आणि छाटलेलं तण ओल्या मातीवर पुन्हा मूळ धरतं.

हे दर १२ ते १५ दिवसांनी करायचं. कोंब वर येतो तो गाठीतल्या साठ्यावर. पानं चांगली पसरली की उलटा प्रवाह सुरू होतो, पानं गाठीला परत पोसतात आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. तुम्ही प्रत्येक वेळी परतफेडीच्या आधी कापलंत तर साठा उतरत जातो. महिन्यातून एकदा कापलंत तर गाठीला तिचं देणं मिळून गेलेलं असतं, श्रम फुकट. लव्हाळ्याच्या बाबतीत जोर लावण्यापेक्षा तारीख पाळणं महत्त्वाचं असतं.

छाटल्यावर लगेच आच्छादन. वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट आठ ते दहा सेंटीमीटर जाडीचं, खोडापासून चार बोटं दूर. आठवडाभराच्या पावसात ते दबून निम्मं होतं, मग पुन्हा भर घाला. भाताचा पेंढा वापरणार असाल तर आधी झटकून बघा, त्यात लोंब्या राहिलेल्या असतात. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजताना जमिनीतला नत्र जंतू आधी उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरला तर हा त्रास फारसा होत नाही. पाल्याच्या आच्छादनातून लव्हाळा काही प्रमाणात वर येईलच, पण लांबट, फिका आणि उपटायला सोपा.

खरी मोहीम एप्रिल-मेमध्ये. भाजी निघाली की वाफा पाणी न देता वाळू द्या, मग २०-२५ सेंटीमीटर खोल खणून ढेकळं उलथून टाका. आठवड्याने पुन्हा उलथा, दिसतील त्या गाठी वेचा. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन आठवडे उघड्या पडलेल्या गाठी सुरकुतून मरतात. मध्ये वळवाचा पाऊस पडला तर काम फिसकटतं, वाळवण पहिल्यापासून. जूनमध्ये त्याच वाफ्यात ताग दाट पेरा, दर चौरस मीटरला सहा ते आठ ग्रॅम बी, म्हणजे गुंठ्याला ६०० ते ८०० ग्रॅम. ताग दीड महिन्यात माणसाच्या कमरेवर जातो, खाली दाट सावली करतो आणि फुलावर येताना कापून गाडला तर नत्रही देतो. त्या वाफ्यातली टोमॅटोची लावण मग ऑगस्टअखेरीला जाते. अशी दोन वर्षं केलीत तर लव्हाळा संपणार नाही, पण भाजीला जुमानू लागेल.

एक-दोन ओळी वाफ्यातल्या इतर तणांवर, कारण ‘उपटून तिथेच टाकलं’ ही सवय काहींना चालते आणि काहींना नाही. घोळ उपटून मातीवर टाकली तर मांसल दांड्यातल्या पाण्यावर ती दिवसेंदिवस जगते, बी पिकवते आणि पाऊस आला की पुन्हा रुजते. तिला बाहेर काढा, आणि कोवळी असेल तर भाजी करा. केन्याचा प्रत्येक पेरा मूळ धरतो. शिवाय त्याला जमिनीच्या वर निळी फुलं येतात तशीच जमिनीखाली न उमलणारी फुलंही येतात, आणि तिथेही बी तयार होतं. म्हणून वरची निळी फुलं खुडून केना आवरत नाही, तो खालच्या पांढऱ्या फांद्यांसकट उचलावा लागतो. तांदुळजा, कुर्डू, टाकळा यांची चिंता करू नका. कोवळेपणी उपटा, खा, किंवा आडवे अंथरा, ते परत उठत नाहीत. फक्त कुर्डूला तुरे येऊ देऊ नका.

आता आंबा. ‘खत घालूनही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याच्या जागी मी ‘खत घातल्यामुळे’ असं लिहीन. दोन वर्षांच्या कलमाची अन्न घेणारी मुळं अजून विरळ आहेत, आणि वरच्या थरात हराळीच्या मुळांची जाळी आहे. खत आणि पाणी दोन्ही आधी त्या जाळीतून गाळून खाली जातं. तुम्ही दर वेळी हराळीला खुराक दिला आणि ती जास्त तहानलेली झाली. गवत कापून बुटकं ठेवलं तरी हे थांबत नाही. कापलेली हराळीही पाणी पितेच आणि बाजूला जास्त पसरते. मोठ्या आंब्याला हराळीचं काही वाटत नाही, त्याची मुळं खोल आणि लांब गेलेली असतात आणि सावलीने हराळीच हटते. कलमाची पहिली तीन-चार वर्षं मात्र बुडाशी असलेलं गवत हे वाढ खुंटण्याचं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण असतं.

खोडाभोवती ६० ते ७५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. त्यातली हराळी विळ्याने जमिनीलगत कापा आणि हाताला येतील त्या दोऱ्या ओढून काढा. कुदळ मारू नका. आंब्याची कोवळी मुळं तिथेच वर आहेत, आणि हराळीच्या तुटलेल्या प्रत्येक पेऱ्यातून नवा फुटवा येतो. आता पुठ्ठ्याचे खोके उघडून, चिकटपट्टी आणि पिना काढून, दोन थर अंथरा. जोडावर १५ सेंटीमीटर तरी एकावर एक आले पाहिजेत, नाहीतर हराळी नेमकी त्या फटीतून डोकं काढते. पुठ्ठा भिजवा, वर दहा सेंटीमीटर पाला टाका. अंधारात हराळी दोन-तीन महिन्यांत कुजते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पुठ्ठा खोडाला टेकवला तर साल सतत ओली राहून सडते आणि वाळवी चढते, म्हणून खोडाभोवती दहा-बारा सेंटीमीटर जागा उघडी ठेवा. पावसाळ्यात आळं वाटीसारखं खोलगट असेल तर पाणी साचून मुळं गुदमरतात. सध्या बुडाशी माती थोडी उंच करून बाहेर उतार द्या, आळं नोव्हेंबरात करा. आणि वर्तुळाच्या कडेने हराळी पुन्हा आत येणार, तिथे दर महिन्याला फावड्याने बोटभर खोल एक सरळ कड कापून घ्या. दरवर्षी वर्तुळ वीतभर वाढवा. एक विनंती: कलमाजवळ गवत कापायचं दोरीचं यंत्र फिरवू देऊ नका. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली गेली, की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं उपाशी मरतात आणि मागोमाग झाडही, आणि लोक दोष खोडकिड्याला देतात.

गाजर गवत हे ज्याला सगळे घाबरतात ते तण, आणि पुण्याशी त्याचं नातं जुनं आहे. भारतात ते पुण्यातच नजरेस आलं, १९५०च्या दशकात, आणि तिथून देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य दुसऱ्या बियांची उगवण रोखतं, हे खरं आहे. पण ‘गाजर गवताने माती विषारी झाली, आता काही येणार नाही’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते सोडून द्या. त्याच्या अर्कात बुडवलेलं बी आणि वाफ्यातलं बी यांत मोठा फरक असतो. मातीतले जंतू हे द्रव्य हळूहळू मोडतात. बागेत त्याचा खरा त्रास वेगळा. ते पावसाळ्यात उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलतं, एका झाडाला हजारो बिया येतात, आणि वर्षातून अनेक पिढ्या होतात. नव्या उघड्या जमिनीवर पहिलं तेच पोचतं.

दुसरा त्रास किडींचा. गाजर गवतावर आणि पेटारी, रानभेंडी अशा तणांवर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी मुक्कामाला असतात. भाजी नसते त्या महिन्यांत ही तणं त्यांचं घर चालवतात, आणि भाजी लागली की मंडळी तिकडे हलतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पांढरी माशी नेते. सूर्यफुलाच्या नेक्रोसिस (पेशी मरून पान-खोड वाळण्याच्या) रोगाचा विषाणू तर गाजर गवतात काहीही लक्षण न दाखवता राहतो, त्याच्या परागातून जातो आणि फुलकिडे तो पुढे पोचवतात. म्हणून ‘शेजारी हिरवंगार निरोगी दिसतंय’ यावर विसंबू नका. यातून निघणारा एक व्यवहारी नियम असा: कुंपणाचं तण भाजीच्या लावणीआधी दोन आठवडे काढा. लावल्यानंतर उपटलंत तर त्यावरच्या किडी उपाशी होऊन थेट तुमच्या कोवळ्या रोपांवर येतात. या वर्षी लावणी होऊन गेली आहे. तेव्हा आता उपटायच्या आधी पानं उलटून बघा. खाली पांढऱ्या माश्या किंवा पिठ्या असतील तर झाड हलवू नका, गोणपाटाच्या पिशवीत वरून झाकून, मग बुडाशी कापून पिशवी बांधून टाका.

काढताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला, तोंडावर रुमाल बांधा. अनेकांना त्याच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ येतं, परागाने नाक वाहतं, दमा बळावतो. हा त्रास पहिल्या दिवशी न होता वारंवार संपर्कानंतर सुरू होतो, म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणून उघड्या हातांनी काम करू नका. पाऊस पडून गेल्यावर, फुलायच्या आधी, मुळासकट उपटा. वरून छाटलंत तर बुडातून चार फांद्या फुटतात आणि ते आधीपेक्षा लवकर फुलतं. पांढरट अंगावर काळ्या वेड्यावाकड्या रेषांचे भुंगेरे पानं खाताना दिसले, तर त्यांना मारू नका. हे मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडले गेले, आणि पावसाळ्यात ते गाजर गवताची चाळण करतात.

मिठाचं पाणी फवारण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. रस्त्याकडेला, जिथे काहीच लावायचं नाही, तिथे ते चालतं. बागेच्या कुंपणाला नको. तेच मीठ पावसाने वाफ्यात उतरतं. त्याऐवजी रिकामी झालेली पट्टी ताबडतोब झाका. दाट तरोटा (म्हणजेच टाकळा) किंवा झेंडू उगवू द्या, ही दोन्ही गाजर गवताला दाबतात. पट्टी उघडी ठेवलीत तर पुढच्या पावसात तेच परत येईल, आणि तुम्हाला वाटेल उपटण्यात काही चुकलं.

अमरवेलीचं थोडक्यात. ती मेंदीला चिकटल्यावर जमिनीतलं तिचं मूळ सुकून जातं, पुढचं सगळं ती मेंदीच्या रसावर जगते. दोऱ्या ओढून काढल्या तरी फांदीत रुतलेले तिचे शोषक तुकडे राहतात आणि त्यातून ती परत येते. जिथवर वेढा आहे त्याच्या वीतभर खाली मेंदीसकट कापा, फुलं-फळं धरायच्या आत. आंब्यावरचं बांडगूळ हा असाच प्रकार, फक्त ते हिरवं असल्याने स्वतःचं अन्न थोडं तयार करतं आणि झाडाचं पाणी-खनिज घेतं. तुमच्या कलमावर ते अजून नसेल, पण जवळपासच्या मोठ्या आंब्यावर नजर ठेवा. त्याचं चिकट बी पक्षी आणतात.

शेजाऱ्यांच्या फवारणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भाजीच्या बागेत नको. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून मुळापर्यंत जातं हे खरं, पण लव्हाळ्याच्या दबलेल्या गाठींपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि वाऱ्याने चार थेंब टोमॅटोवर किंवा कलमाच्या कोवळ्या हिरव्या सालीवर पडले तर रोप जातं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंधही घातले आहेत. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक तर टोमॅटोचा आणि द्राक्षाचा वैरीच. शेजारच्या प्लॉटवर फवारलं तरी तुमच्या टोमॅटोची शेंड्याची पानं पिळवटून नेच्यासारखी बारीक होऊ शकतात, आणि लोक तो विषाणूरोग समजून बसतात. शेजाऱ्यांकडून पंप आणणार असाल, तर आधी त्यातून काय फवारलं होतं ते विचारा.

मित्रांचं म्हणणं कुठे खरं? वाफ्यांमधल्या वाटांवर आणि उताराच्या कडेला. तिथलं तण मुळासकट काढू नका, चार बोटं ठेवून कापा आणि कापलेलं तिथेच अंथरा. मुळं माती धरतात, पाला कुजून परत जमिनीत जातो, मधमाश्यांना फुलं मिळतात. ते भाजीचं उत्पन्न खात नाही, कारण तिथे भाजीची मुळं नाहीत आणि ते भाजीपेक्षा उंच होत नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण पिकाच्या ओळीत उगवलेल्या तणाची आहे, बांधावरच्या तणाला ती लागू नाही.

टेकडीवर मात्र सगळा हिशोब बदलतो. बागेत तुम्ही ४५ दिवसांचा विचार करता, टेकडीवर दहा-वीस वर्षांचा करावा लागतो. तिथल्या मूळ वनस्पती म्हणजे पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं, आणि त्यांच्यामध्ये पावसाळ्याचे तीन-चार महिनेच वर येणारे कंद: मुसळी, रानहळद, जमिनीवरची ऑर्किडं, खर्चुडी. या सगळ्यांना जमिनीपर्यंत पोचणारं ऊन लागतं. घाणेरी त्या उन्हावर बसते. बुलबुल तिची काळी फळं खाऊन बी दूरवर टाकतात, झुडपं एकमेकांत मिसळून भिंत होते, आणि खाली गवताची काडी उरत नाही. वणवा लागला तर गवत आणि कोवळी झाडं जळतात, घाणेरी बुडातून पुन्हा फुटते. हिरवाई म्हणून मुद्दाम लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांखालीही असंच घडतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर त्याच्या दाट राईत पावसाळ्यात खाली वाकून बघितलंत, आणि मग पन्नास पावलांवरच्या उघड्या गवतात बघितलंत, तर फरक सांगावा लागणार नाही.

घाणेरी जमिनीलगत कापणं म्हणजे तिची छाटणी करणं. फुटवे येतात ते मुळाच्या माथ्याशी, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली पद्धत याच जागेवर घाव घालते: माती थोडी बाजूला करून टिकावाने मुख्य मूळ त्या फुटव्याच्या जागेच्या खाली, जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटीमीटरवर, तोडायचं, आणि झुडूप उलटं करून मुळं आकाशाकडे ठेवून वाळू द्यायचं. आजूबाजूची माती जवळपास न हलवता काम होतं, हे तिचं मोठेपण. फांद्या ओल्या जमिनीला टेकल्या तर मूळ धरतात, म्हणून उलटं ठेवणं महत्त्वाचं. जमीन ओली असताना, पण फळं पिकायच्या आधीच्या दिवसांत करा. टेकडी वनविभागाची असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. आणि सगळी घाणेरी एकाच हंगामात साफ करू नका. काही पक्षी त्या जाळीत घरटी करतात, आणि मोठा तुकडा एकदम उघडा पडला की त्यावर रानतुळस आणि गाजर गवत चढाई करतं. दहा बाय दहा मीटरचा तुकडा घ्या, त्यावर पुढची तीन वर्षं दर पावसाळ्यात उगवणारी घाणेरीची पिल्लं उपटा, आणि त्याच टेकडीवरचं पवना-मारवेलचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापडी पिशवीत गोळा करून पुढच्या जूनमध्ये तिथे विखरा.

कॉसमॉस सोपा, कारण तो वर्षायू आहे. बी धरायच्या आत दोन-तीन वर्षं सलग काढला तर खरंच कमी होतो. अडचण ओळखीची आहे. उत्साहाच्या भरात लोक सोनकी उपटतात, आणि ती आपल्या सह्याद्रीची आहे. सोनकी बुटकी, साधारण गुडघ्याच्या खाली, पान अखंड आणि कडेला दातेरी, फूल लिंबासारखं पिवळं. कॉसमॉस कमरेएवढा, पान पिसासारखं कातरलेलं, फूल केशरी किंवा गडद पिवळं, पाकळीच्या टोकाला दात, आणि बी सुईसारखं काळं, कपड्याला चिकटणारं. पातळ मातीच्या कातळावर तोही उपटू नका, मुळाबरोबर शेजारचे कंद निघून येतात. बुडाशी, सर्वांत खालच्या फांदीच्या खालून कापा. आणि उतरताना बुटांच्या लेस, मोजे, पिशवीची शिवण झटकून ते सुईसारखं बी वेचा. टेकडीवरून बागेत, बागेतून टेकडीवर बी नेणारं सर्वांत विश्वासू वाहन आपणच असतो.

राहिला उपटलेल्या तणाचा प्रश्न. फूल न आलेलं गाजर गवत, टाकळा, तांदुळजा कंपोस्टमध्ये घाला, उत्तम खत होतं. बी धरलेलं काहीही घालायचं तर ढीग निदान मीटरभर उंच-रुंद हवा आणि आत हात घातल्यावर चटका बसेल इतका, म्हणजे ५५ ते ६० अंश, तापायला हवा. दर आठवड्याने बाहेरचं आत घालून उलथा. घरगुती ड्रममध्ये तेवढी उष्णता येत नाही, त्यात बी घालू नका. न कुजलेल्या शेणखतातूनही असंच बी येतं, ट्रॉलीतून खत घेताना मूठभर कुंडीत घालून दहा दिवस ओलं ठेवून बघा, काय उगवतं ते कळेल. हराळीच्या दोऱ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र कोणत्याच ढिगात नाहीत. त्या पाण्यात बुडवूनही सहज मरत नाहीत. सध्या ऊन नाही, तर छपराखाली पत्र्यावर पातळ पसरा, किंवा जाड काळ्या पिशवीत तोंड घट्ट बांधून बाजूला ठेवा आणि एप्रिलमध्ये गच्चीवर ओतून कडकडीत वाळवा. गाठ दाताखाली शेंगदाण्याच्या टरफलासारखी मोडली आणि आत ओलसर पांढरं दिसलं नाही, तरच ती मेली असं समजा.